हाफ तिकिटाचे वय

माणसाचे वय वर्षांनी मोजावे आणि त्या आकड्यावरून त्याला शिशू, बालक, किशोर किंवा सज्ञान ठरवावे, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी रीत कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली आणि ठाणे या पट्ट्यातल्या सामान्य घरांत फार तर दीडशे वर्षांपूर्वी शिरली. त्याआधीही मूल वाढतच होते. परंतु ते कुठवर वाढले हे त्याला काय करता येऊ लागले, काय खाता येऊ लागले, कोणते काम सांगता येऊ लागले आणि त्याच्यावर कोणता संस्कार झाला, यांवरून ओळखले जाई. मराठीने या जुन्या मोजमापाची खूण अजून जपून ठेवली आहे. मूल पालथे पडते, रांगते, धरून उभे राहते, त्याचे दुधाचे दात पडतात, पुढे मुलाला मिसरूड फुटते आणि मुलीला पदर येतो. या साऱ्या शब्दप्रयोगांत वाढीचा क्रम अगदी काटेकोर आहे, मात्र आकडा एकातही नाही. आधुनिक बालमानसशास्त्र ज्यांना विकासाचे टप्पे म्हणते, म्हणजे बहुतेक मुले ज्या क्रमाने आणि ढोबळमानाने ज्या काळात एखादी क्षमता मिळवतात ते थांबे, ते आजीबाईंना ठाऊक होतेच. त्या टप्प्यांना जन्मतारखेशी जखडणे तेवढे नवे होते.

संस्कृत शास्त्रग्रंथांत आकडे नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेने सोळा वर्षांखालच्या सर्वांना बाल म्हटले आणि त्यांचे तीन वर्ग केले: पहिल्या वर्षापर्यंत केवळ दुधावर राहणारा क्षीरप, दुसऱ्या वर्षापर्यंत दूध आणि अन्न दोन्ही घेणारा क्षीरान्नाद, आणि त्यानंतर अन्नावर वाढणारा अन्नाद. वैद्याची ही विभागणी पोटावरून केलेली असल्याने घरच्या व्यवहाराला जवळची होती, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात मुलाच्या तोंडी पहिला घास देण्याचा उष्टावणाचा संस्कार तिच्याशी सहज जुळतो. दुसरी एक परंपरागत विभागणी पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन अशी सांगते. येथे शब्दांची एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. ज्या पौगंड शब्दाने मुळात पाच ते दहा वर्षांचे मूल दाखवले जाई, तोच शब्द मराठी शिक्षणशास्त्राने बारा-तेरापासून एकोणीसपर्यंतच्या वयाला लावला; उलट ‘बालभारती’ने १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू केले तेव्हा त्याचा वाचक प्रामुख्याने प्राथमिक आणि माध्यमिक शाळेतला मुलगा-मुलगी होता. शब्द असे एका वयावरून दुसऱ्या वयावर घसरत गेले, कारण ज्या अवस्थेला नाव हवे होते ती अवस्था नव्याने निर्माण होत होती आणि जुन्या कोशात तिच्यासाठी रिकामी जागा नव्हती.

तिसरी विभागणी केवळ मुलींची, आणि ती सर्वांत जाचक. स्मृतिवचनांनी आठ वर्षांच्या मुलीला गौरी, नऊ वर्षांच्या मुलीला रोहिणी आणि दहा वर्षांच्या मुलीला कन्या म्हटले व त्यापुढे तिला रजस्वला गणले. म्हणजे मुलाचे बालपण सोळापर्यंत ताणणाऱ्या परंपरेतच मुलीचे बालपण दहाव्या वर्षी संपवण्याची सोय होती. शास्त्रातले हे आकडे सर्व जातींना लागू होते असे मानण्याचे कारण नाही. तरीही ब्राह्मण आणि तत्सम घरांत ते लग्नाच्या वयावर निर्णायक ठरत.

खाडीकाठच्या आगरी आणि कोळी वस्त्यांत, उदाहरणार्थ ठाकुर्लीलगतच्या चोळे गावात, मुलाच्या आयुष्याची सुरुवात पाचवी-सहावीच्या पूजेने होई. सटवाई त्या रात्री येऊन कपाळावर प्राक्तन लिहून जाते, ही श्रद्धा जवळजवळ सर्व मराठी जातींत आढळते आणि तिच्या मुळाशी एक कठोर अनुभव आहे, कारण जन्मानंतरचा पहिला आठवडा हाच मूल दगावण्याचा सर्वांत मोठा धोक्याचा काळ असतो. बाराव्या दिवशी बारसे, म्हणजे नाव ठेवणे. त्यानंतर उष्टावण, मग जावळ काढणे. सोपस्काराच्या या मांडणीत प्रत्येक विधी मूल आणखी काही काळ जगले याची पोचपावती होता. जगलेल्या मुलाला त्यानंतर दोन वाटा फुटत. ब्राह्मण मुलाची आठव्या वर्षाच्या सुमारास मुंज होऊन तो गुरूकडे किंवा तात्या पंतोजींच्या शाळेत जाई. आगरी मुलगा त्याच वयात गुरे राखू लागे, भाताच्या खाचरात वडीलधाऱ्यांच्या मागे उभा राही आणि ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून मासळी व चिंबोऱ्या धरू लागे. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेई. कडेवरचे मूल आणि कडेवर घेणारे मूल यांच्या वयात अनेकदा पाच-सहा वर्षांचेच अंतर असे. वेषही या अवस्था सांगत असे: झबले-टोपडे, कुंची, मग परकर-पोलके आणि त्यानंतर एकदम लुगडे, तर मुलाकडे लंगोटीपासून धोतरापर्यंत थेट उडी होती. मधली अवस्था दाखवणारे वस्त्रच नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्धी चड्डी शाळेने आणली आणि ती सोडून पहिल्यांदा फुल पँट घालण्याचा दिवस विसाव्या शतकातल्या मराठी मुलासाठी जणू नवी मुंज ठरला.

या व्यवस्थेला पहिला तडा वैद्यकाने दिला. एडवर्ड जेन्नर यांची देवीची लस भारतात पहिल्यांदा यशस्वी झाली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीवर. आणि तिच्या हातावरच्या फोडातून लस पुढे इतरांना देण्यात आली. लस टोचण्यासाठी देवी काढणे हा शब्द मराठीत रुळला, कारण रोगाला देवीचे नाव होते. दंडावरचा तो गोल वण हा कदाचित या प्रदेशातल्या मुलाच्या अंगावर सरकारने उमटवलेला पहिला दाखला असावा. त्यातून वय कळत नसे. परंतु मूल ही सरकारच्या नोंदीत येणारी एक स्वतंत्र व्यक्ती आहे, ही कल्पना तेथून पुढे सरकली.

दुसरा तडा रेल्वेने दिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधोमध असलेले ठाकुर्ली हे नाव या रुळांमुळेच मुंबईकराच्या ओठी आले. रेल्वेच्या वेळापत्रकाने लोकांना घड्याळाची सवय लावली हे नेहमी सांगितले जाते. तिकीटखिडकीने लोकांना मुलाचे वय सांगायला लावले, हे मात्र क्वचितच नोंदले जाते. लहान मुलाला अर्धे भाडे द्यायचे असेल तर ते किती लहान आहे हे ठरवावे लागे. आजच्या नियमानुसार पाच वर्षांखालचे मूल आसन न घेता फुकट प्रवास करते, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला राखीव आसन न घेतल्यास अर्धे आणि त्यापुढे पूर्ण भाडे पडते. ‘हाफ तिकीट’ हा शब्द इतका रुळला की तो माणसालाही लागू झाला. आईबाप आणि तिकीट तपासनीस यांच्यातली वयाबद्दलची घासाघीस हा मराठी विनोदाचा कायमचा विषय बनला, पण त्या विनोदाखाली एक गंभीर बदल दडलेला होता: उंचीवरून, चेहऱ्यावरून, कामावरून ओळखले जाणारे वय आता पैशांत मोजता येत होते आणि त्यात खोटे बोलण्याला अर्थ आला होता.

तिसरा, आणि सर्वांत खोल, तडा कायद्याचा. आणि त्याची कहाणी कल्याणातूनच सांगता येते. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या, तिच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला व तो दहा दिवसांत दगावला. त्या मृत्यूने तिला वैद्यकाकडे वळवले, असे सर्व चरित्रकार सांगतात. १८८३ साली ती नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली, १८८६ साली पेन्सिल्वेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली, तिच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचे निधन झाले, तेव्हा तिला बावीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. या आयुष्याचा गौरव अनेकांनी केला आहे. येथे त्यातली एक पोकळी पाहायची आहे. नऊ ते अठरा हा जो काळ आजच्या मुलीच्या आयुष्यात शाळा, मैत्रिणी, शरीरातले बदल आणि स्वतःबद्दलचे प्रश्न यांनी भरलेला असतो, तो आनंदीबाईंच्या आयुष्यात पत्नी, माता, पुत्रवियोगिनी आणि नवऱ्याच्या धाकाखालची विद्यार्थिनी अशा प्रौढ भूमिकांनी व्यापला होता. विद्यार्थिदशा तिला मिळाली ती अठराव्या वर्षानंतर आणि परमुलखात. तिचे बालपण लवकर संपले एवढेच म्हणणे अपुरे आहे. तिच्या बाबतीत बालपण आणि प्रौढपण यांच्या मधली पायरीच बांधलेली नव्हती.

आनंदीबाईंपेक्षा चार महिन्यांनी मोठ्या असलेल्या रखमाबाईंनी त्या पायरीसाठी न्यायालयात लढा दिला. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला बंधनकारक नाही, असे म्हणून त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दाखल केलेला दावा मुंबई उच्च न्यायालयात आधी रखमाबाईंच्या बाजूने आणि मग त्यांच्या विरुद्ध गेला, आणि १८८८ साली तडजोडीने मिटला. त्याच काळात बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध मोहीम चालवली होती. बंगालमधील फुलमणी नावाच्या मुलीचा दहा-अकराव्या वर्षी पतीच्या बळजबरीने झालेला मृत्यू या वादाला धार देऊन गेला. १८६० च्या दंडसंहितेने संमतिवय दहा ठरवले होते. मार्च १८९१ मध्ये ते बारा झाले. संमतिवय म्हणजे ज्या वयाखाली मुलीची संमती कायद्याला मान्यच नसते ते वय. टिळकांनी विधेयकाला विरोध केला तो प्रामुख्याने परक्या सरकारने धर्माच्या प्रांतात कायद्याने शिरू नये या मुद्द्यावर, आगरकरांनी सुधारणेचा कैवार घेतला, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तर शास्त्रवचनांच्याच आधारे प्रौढविवाह अमान्य नाही असे दाखवले. दोन्ही बाजूंच्या शेकडो पानांच्या युक्तिवादांत मुलीचे शरीर, ऋतुप्राप्ती, गर्भाधान आणि वंश यांची चर्चा भरपूर आहे. तिच्या मनाची चर्चा अगदी थोडी आहे, आणि ती केलीच असेल तर रखमाबाईंच्या स्वतःच्या लेखणीने.

बारा हा आकडा त्या दशकात वेगवेगळ्या दारांतून येतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि १९२२ च्या दुरुस्तीने बारा. फुल्यांच्या मागणीत बारा म्हणजे शाळा संपण्याचे वय होते, गिरणीत ते काम सुरू होण्याचे वय झाले आणि संमतिवयाच्या कायद्यात संसार सुरू होण्याचे. तिन्हींच्या नकाशात बारानंतर थेट प्रौढत्व आहे. जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पौगंडावस्थेवरचा आपला दोन खंडांचा ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध केला आणि ती वादळी, भावनांनी ढवळून निघणारी, स्वतंत्र अवस्था आहे असे मांडले, तेव्हा आनंदीबाईंच्या मृत्यूला सतरा वर्षे झाली होती. हॉल यांचे अनेक सिद्धांत पुढे टाकून देण्यात आले. पण ज्या समाजात चौदा वर्षांची मुले गिरणीऐवजी माध्यमिक शाळेत बसतात तेथेच अशी अवस्था ठळक दिसते, ही गोष्ट त्यांच्या ग्रंथाच्या काळाकडे पाहिले की आपोआप कळते. शरीरातली स्थित्यंतरे जुनीच होती. त्यांना मिळालेली मोकळी वर्षे नवी होती. भारतात ती वर्षे आली कायद्याच्या मागोमाग आणि फार हळू: १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा ही विवाहाची किमान वये ठरवली, तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, आणि १९७८ साली ही वये अठरा आणि एकवीस झाली.

शारदा कायदा मंजूर झाला त्याच सुमारास ठाकुर्लीचे रूप बदलत होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याणच्या पुढे घाटमार्ग विजेवर चालवण्यासाठी चोळे येथे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र उभारले. दगडी कोळशावर चालणारे हे पॉवर हाऊस १९२९ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याच्यामुळे भाताच्या खाचरांच्या या गावात रेल्वेची वसाहत वसली. आजही बारा बंगला म्हणून ओळखला जाणारा भाग आणि त्याच्या आसपासची रेल्वे क्वार्टर्स हा त्या वसाहतीचा वारसा आहे. रेल्वे कामगाराचे घर हे वयाच्या हिशेबाचे घर होते. बापाच्या सर्व्हिस बुकात जन्मतारीख लिहिलेली असे, कारण निवृत्ती तिच्यावर ठरणार. आणि मुलांचीही लिहावी लागे, कारण पास तिच्यावर ठरणार. रेल्वेच्या पास नियमांत कुटुंब कोणाला म्हणायचे याची जी व्याख्या आहे ती समाजशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे: मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत, आणि शिकत असेल तर त्यापुढेही, बापावर अवलंबून समजला जातो, तर मुलगी अविवाहित असेपर्यंत कोणत्याही वयात. मुलाचे परावलंबन वयाने किंवा शिक्षणाने संपते आणि मुलीचे लग्नाने, ही जुनी धारणा आधुनिक नियमावलीत इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच उतरली असेल.

जन्मतारखेच्या या नव्या गरजेने एक खास मराठी प्रथा जन्माला घातली. खेड्यातून, वाडीतून किंवा कामगार चाळीतून पहिलीत नाव घालायला आलेल्या मुलाचा जन्म ‘भातकापणीच्या वेळी’ किंवा ‘मोठा पूर आला त्या वर्षी’ झालेला असे; गुरुजी मुलाकडे पाहून अंदाज बांधत आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने वहीत १ जून ही तारीख लिहीत. डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरता येतो का, ही कसोटीही अनेक शाळांत चाले, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती वेडगळ नाही, कारण सहा-सात वर्षांच्या सुमारास डोक्याच्या मानाने हात लांब होतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला तरी शाळा सोडल्याचा दाखला हाच पुढे कित्येक दशके वयाचा पुरावा राहिला, आणि म्हणून महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा मोठा भाग कागदोपत्री एकाच दिवशी जन्मला. जुन्या मोजमापाने नव्याला दिलेला हा शेवटचा चकवा म्हणता येईल.

शाळेत येण्याआधीच्या वर्षांकडे मात्र बराच काळ कोणाचे लक्ष नव्हते, आणि ते वळवण्याचे श्रेय ज्या कामाला जाते ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच घडले. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे प्रयोग करत होत्या. १९२६ साली तेथे नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत अशी मानते की तीन ते सहा या वयात मुलाची इंद्रिये विशेष ग्रहणक्षम असतात आणि योग्य वस्तू हाताळायला मिळाल्या तर मूल स्वतःच शिकते. परंतु तिची लाकडी साधने महाग होती आणि ती परवडणारी मुले दादरला होती, डहाणूच्या जंगलात नव्हती. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे स्वतःचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या; बालपण हिरावले गेलेल्या बाईने इतरांच्या बालपणाला आयुष्य वाहावे यात काव्यात्म न्याय शोधण्याचा मोह होतो, पण त्यांच्या कामाचे मोल त्यापेक्षा व्यावहारिक होते.

त्याच १९४५ च्या जानेवारीत, कल्याणपासून काही स्थानकांवर असलेल्या टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली होती, तिला वारली प्रतिनिधी आले होते, आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव उभा राहिला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे बांधला गेलेला गडी; त्याच्यासोबत त्याची बायको आणि पुढे मुलेही त्या राबणुकीत ओढली जात. बोर्डीचे शिक्षणकार्य आणि वारल्यांचा उठाव यांची राजकीय कुळे वेगळी होती, तरी दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी घडावीत हे अर्थपूर्ण आहे. आईबापांचा दिवस सावकाराच्या मालकीचा असताना मुलाच्या विकासाच्या टप्प्यांची चर्चा पोकळच राहिली असती.

१९५७ साली ताराबाईंचे बोर्डीचे केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे असे दिसून आले की आदिवासी मूल बालवाडीत येत नाही याचे कारण नावड हे नसून काम हे आहे: ते गुरे राखत असते किंवा धाकटे भावंड सांभाळत असते. तेव्हा शाळाच मुलाकडे गेली. बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरवली ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या कुरणात भरवली ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली ती विकासवाडी, जिच्यामुळे कडेवरच्या भावंडासह मोठी बहीणही शाळेत येऊ शकली. मॉन्टेसरीच्या मण्यांच्या जागी बिया, खडे, शिंपले आणि पाने आली. मूल ज्या वयात जे करते तेच शिक्षणाचे साधन बनवायचे, हा आकड्यांच्या आधीच्या जुन्या शहाणपणाचा नव्या शास्त्राशी झालेला मेळ होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशभरात तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने बोर्डी आणि कोसबाद आता ठाणे जिल्ह्यात नाहीत. ठाकुर्लीतल्या अंगणवाडीत वजनकाट्यावर बसलेले मूल मात्र त्याच टेकडीचे ऋणी आहे.

ठाकुर्ली-डोंबिवलीत बालपणाला वेगळेच वळण लागले ते नोकरदार कुटुंबांमुळे. गिरगाव, परळ आणि दादरच्या चाळींतून स्वस्त घराच्या शोधात आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. १९६० च्या दशकात डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली आणि १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. आई आणि बाप दोघेही पहाटेच्या लोकलने मुंबईला जाऊ लागले तेव्हा आजीचे काम शेजारच्या पाळणाघराने उचलले. हे पाळणाघर बहुधा एखाद्या मध्यमवयीन गृहिणीच्या दोन खोल्यांत चाले. त्याला ना पाटी होती ना परवाना, पण मुलाचे पहिले पाऊल, पहिला शब्द आणि पहिला पडलेला दात अनेकदा तेथेच नोंदला गेला आणि आईला संध्याकाळी सात-साडेसातला कळला. बालविकासाच्या इतिहासात या बायकांची नावे कोणी लिहिली नाहीत, आणि मराठी स्त्रीच्या नोकरीचा इतिहास त्यांच्यावाचून पुरा होत नाही.

त्याच वर्षांत मधली पायरी अखेर बांधून झाली. अकरावीच्या जुन्या मॅट्रिकऐवजी महाराष्ट्राने दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी हा आकृतिबंध स्वीकारला. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीसाठी कनिष्ठ महाविद्यालय ही शाळाही नव्हे आणि पुरते कॉलेजही नव्हे अशी संस्था अस्तित्वात आली. सोळा ते अठरा या वयाला प्रथमच स्वतःची इमारत मिळाली, आणि घरापासून त्या इमारतीपर्यंतचा लोकलचा प्रवासही. मुलांचा हा नवा वर्ग डोंबिवलीकरांना सर्वांत स्पष्ट दिसतो तो दिवाळीच्या पहाटे, गणेश मंदिराचे दर्शन घेऊन फडके रोडवर नवे कपडे घालून जमणाऱ्या तरुण-तरुणींच्या गर्दीत. शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात त्या वयाच्या बहुतेक मुली दिवाळीला सासरहून माहेरी आलेल्या असत.

कायद्याने या वयाचे आकडे वारंवार बदलले. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क देतो. बालकामगार कायद्याने २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना किशोर असे वेगळे नाव दिले आणि धोकादायक कामांतून वगळले. बालन्याय कायदा अठराखालच्या सर्वांना बालक मानतो. रेल्वेने मात्र आपला जुना हिशेब फारसा सोडलेला नाही. ठाकुर्ली स्थानकाच्या खिडकीवर किंवा मोबाइलवरच्या तिकिटात आजही दोनच रकाने आहेत, प्रौढ आणि बालक, आणि त्यामुळे तेरा वर्षांची मुलगी तेथे प्रौढ ठरते. तीच मुलगी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज घेऊन मासिक पास काढायला गेली, तर दुसरा नियम पुढे येतो: घर ते शाळा या प्रवासासाठी मुलग्यांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा पास विनामूल्य आहे. ज्या कल्याणच्या आनंदीबाईंचे नवव्या वर्षी लग्न झाले त्याच कल्याणच्या फलाटावर असा पास दप्तरात घेतलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली रोज सकाळी बायकांच्या डब्याच्या खुणेपाशी उभ्या असतात.